हिमलोट-अभ्यासाचा इतिहास

हिमलोट म्हणजे पर्वतउतारावर साठलेल्या हिमराशीचा आधार सुटून ती एकाएकी वेगाने खाली येणे. मराठीत ह्यास हिमस्खलन किंवा हिमप्रपात असेही म्हणतात. आकाशातून भुरभुरत पडणारे कण आणि पाणी गोठून झालेला घट्ट पदार्थ ह्या दोहोंना मराठी बोलीत 'बर्फ' हा एकच शब्द आहे. सह्याद्रीच्या रहिवाशाला ह्याहून अधिक शब्दांची गरज पडली नाही. प्रस्तुत लेखात मात्र पहिल्यास 'हिम' व दुसऱ्यास 'बर्फ' म्हटले आहे. हा भेद शब्दच्छल नव्हे. जमिनीवर पडलेले हिम स्थिर राहत नाही, थरामागून थर साचत असताना त्याचे स्फटिक आतल्या आत बदलत जातात, आणि हे बदल माणसाला कसकसे उमगत गेले ह्यातच हिमलोट-विज्ञानाचा इतिहास सामावलेला आहे.

हिमलोटाला बळी पडणारे लोक दोन प्रकारचे असतात. दरीत वस्ती करून राहणारे, रस्त्याने किंवा लोहमार्गाने जाणारे लोक हे पहिल्या प्रकारचे. त्यांच्यावर हिमलोट येऊन कोसळतो. दुसरा प्रकार विसाव्या शतकाने निर्माण केला. आखलेल्या व राखलेल्या क्रीडाउतारांबाहेर, मोकळ्या पर्वतक्षेत्रात स्कीवरून हिंडणारे लोक ह्यात मोडतात. ह्यांच्या बाबतीत गोष्ट उलट असते. त्यांना गाडणारा हिमलोट दहांपैकी सुमारे नऊ वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच तुकडीतील कोणी तरी उतारावर पाऊल ठेवल्यामुळे सुटलेला असतो. गावकऱ्याला घर कोठे बांधावे हे ठाऊक असले की पुष्कळ काम भागते. स्कीपटूला मात्र आज, ह्या घटकेला, ह्या उतारावरील हिम आपला भार पेलील की नाही, हे ठरवावे लागते. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून फार अवघड आहे व तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

प्राचीन उल्लेख : इ. स. पू. २१८ मध्ये हॅनिबलने सैन्यासह आल्प्स ओलांडला. त्याचे वर्णन करताना ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस ह्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. गेल्या हिवाळ्याचे टणक हिम शिल्लक असताना त्यावर नवे हिम पडले होते. वरच्या मऊ थरातून पाय आत जाई व खालच्या थरावरून तो निसटे. पुढे भूगोलकार स्ट्रेबो ह्याने आल्प्समधील व्यापारी तांडेच्या तांडे गिळणाऱ्या हिमराशींचा उल्लेख केला असून, गोठलेल्या थरावर थर साचतात व वरचे थर खालच्यापासून सहज सुटतात, असे कारणही दिले आहे. हे स्पष्टीकरण आजच्या समजुतीच्या इतके जवळ आहे की, त्यानंतर अठराशे वर्षे त्यात फारशी भर पडली नाही ह्याचे आश्चर्य वाटते.

मधल्या काळात आल्प्समधील लोकांनी उपपत्ती न मांडता उपाय शोधले. गावाच्या माथ्यावरील वन तोडले की हिमलोट येतो, हे अनुभवाने ठाऊक झाल्यावर अशा वनांना हात लावण्यास बंदी घालण्यात आली. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट गावाचा १३९७ चा असा वनबंदीचा लेख प्रसिद्ध आहे. दाव्होसजवळील फ्राउएनकिर्ख येथील चर्चची डोंगराकडील भिंत जहाजाच्या नाळेसारखी निमुळती आहे. येणारा लोट दोहों बाजूंस फाकावा हा तिचा हेतू. वनखात्याकडूनच ह्या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाला आरंभ झाला. योहान कोआत्स (१८२२–१९१८) हे स्विस संघराज्याचे पहिले मुख्य वननिरीक्षक होते. त्यांनी वनरक्षकांकडून ठिकठिकाणच्या हिमलोटांच्या नोंदी गोळा करविल्या व १८८१ मध्ये स्विस आल्प्समधील हिमलोटांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ठरावीक वाटांनी, ठरावीक ऋतूत येणारे हिमलोट त्यात येतात. दरीतून वर पाहणाऱ्याला दिसते तेवढे त्यात जवळजवळ सर्व आहे. परंतु उतारावर उभ्या असलेल्याला काय जाणवते ते नाही, कारण हिवाळ्यात उतारावर उभे राहण्याचे कारण तेव्हा कोणासच नव्हते.

स्कीचा प्रवेश : ते कारण नॉर्वेतून आले. फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले व त्यांच्या प्रवासवृत्ताने मध्य युरोपातील तरुणांना या लाकडी पट्ट्यांचे वेड लावले. जर्मन भूवैज्ञानिक व्हिल्हेल्म पाउल्के (१८७३–१९४९) ह्यांनी १८९७ च्या जानेवारीत चार सहकाऱ्यांसह बर्नीज ओबरलँडचा हिमाच्छादित प्रदेश स्कीवरून पार केला. ही मोहीम उच्च पर्वतातील स्कीभ्रमणाचा प्रारंभ मानली जाते. तिच्यातील दोघे जण दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, सुस्टेन खिंडीच्या परिसरात हिमलोटात मरण पावले. आल्प्समधील स्कीपटूंच्या अशा मृत्यूंपैकी ही अगदी आरंभीची घटना होय. पाउल्के ह्यांनी पुढे आयुष्याचा मोठा भाग हिमाच्या थरांच्या अभ्यासात घालविला, हा योगायोग नसावा. जमिनीलगत साखरेसारखे सुटे, परस्परांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात व वरचा सारा भार त्यांवर तरंगत राहतो, हे त्यांनी दाखवून दिले व त्या थरास 'तरते हिम' असे नाव दिले. वाऱ्याने कड्यावर बनणाऱ्या हिमछज्जांचेही त्यांनी बारकाईने निरीक्षण केले.

ह्याच सुमारास ऑस्ट्रियात माटियास झ्डार्स्की (१८५६–१९४०) हे आल्प्सच्या तीव्र उतारांना योग्य असे स्कीतंत्र शिकवीत होते. पहिल्या महायुद्धात सैनिकांना पर्वतयुद्धाचे शिक्षण देण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. १९१६ मध्ये हिमलोटात सापडलेल्यांच्या मदतीस गेले असता दुसऱ्या हिमलोटाने त्यांना गाठले. त्यांच्या शरीरात सुमारे ८० ठिकाणी अस्थिभंग व सांधे निखळणे झाल्याचे सांगतात. तरीही ते वाचले, पुन्हा स्की करू लागले आणि ह्या विषयावर लिहिते झाले. हिमलोटाच्या आतून आलेली ही साक्ष दुर्मिळ आहे.

त्या युद्धात इटली व ऑस्ट्रिया-हंगेरी ह्यांच्या फौजा दोन हिवाळे आल्प्सच्या माथ्यावर समोरासमोर ठाण मांडून होत्या. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलादा पर्वताच्या ग्रान पोत्स उतारावरील ऑस्ट्रियन छावणीवर हिमलोट कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक ठार झाले. जागा धोक्याची आहे, छावणी हलवावी, अशी विनंती तेथील अधिकाऱ्याने आधीच केली होती. वरिष्ठांनी ती मानली नाही. शत्रूच्या तोफांपासून ती जागा सुरक्षित होती एवढेच त्यांनी पाहिले. पुढे ह्या घटनेला 'पांढरा शुक्रवार' असे नाव पडले. प्रत्यक्षात तो दिवस बुधवार होता. त्या महिन्यात आघाडीच्या दोन्ही बाजूंस हिमलोटांनी मेलेल्यांची संख्या हजारांत मोजतात.

हिमाची प्रयोगशाळा : युद्धोत्तर काळात स्वित्झर्लंडमध्ये हिवाळी पर्यटन, पर्वतीय लोहमार्ग व जलविद्युत् केंद्रे वाढली आणि शासनाने १९३१ मध्ये हिम व हिमलोट ह्यांच्या संशोधनासाठी आयोग नेमला. दाव्होसच्या वर वाइसफ्लूयोख येथे, सु. २,६६० मी. उंचीवर, १९३६ पासून प्रत्यक्ष काम सुरू झाले. आरंभीची प्रयोगशाळा हिमाच्याच भिंतींची होती. मृदायांत्रिकीचे अभियंते रोबेर्ट हेफेली, खनिजवैज्ञानिक हेन्री बाडर आदींचा हा गट होता. हिमाकडे हेफेली माती म्हणून पाहत, तर बाडर खडक म्हणून. दोन्ही दृष्टी उपयोगी पडल्या. १९३९ मध्ये ह्या गटाने हिम व त्याचे रूपांतरण ह्या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो ह्या शास्त्राचा पाया होय. याच दशकात इंग्लंडचे जेरल्ड सेलिगमन ह्यांनी स्कीपटूंना डोळ्यांपुढे ठेवून हिमरचनेवर १९३६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला.

ह्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले ते थोडक्यात असे : हिमाच्छादनाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान ०° से. च्या आसपास राहते. पृष्ठभाग मात्र स्वच्छ आकाशाखाली रात्री कितीही थंड होतो. हिमाचा थर जाड व हवा सौम्य असेल, तर दोहोंतील तापमानप्रवणता अल्प राहते. स्फटिकांची टोके झिजून गोल कण बनतात, ते एकमेकांस चिकटतात व थर बळकट होतो. ह्याउलट थर पातळ व थंडी कडक असेल आणि दर मीटर जाडीमागे तापमानातील फरक सु. १०° से. हून अधिक असेल, तर खालच्या कणांवरून बाष्प निघून वरच्या कणांवर साचते आणि पैलूदार, पुढे चषकासारखे पोकळ स्फटिक वाढतात. त्यांच्यात परस्परबंध जवळजवळ नसतो. पाउल्के ह्यांचे 'तरते हिम' ते हेच. म्हणजे हिवाळ्याच्या आरंभी हिम कमी पडले की धोका कमी, हा सामान्य माणसाचा तर्क येथे उलटा ठरतो. नोव्हेंबरातील तुटपुंजे हिम फेब्रुवारीतील अपघाताचे कारण होऊ शकते. पृष्ठभागावर निरभ्र रात्री जमणारे पिसांसारखे तुहिनही असेच घातकी असते. सकाळच्या उन्हात ते अतिशय सुंदर चमकते, आणि त्यावर नवे हिम पडले की तोच पुढचा दुर्बल थर होतो.

ह्या दुर्बल थरावर वाऱ्याने दाबून बसविलेले हिम साचले की एकसंध लादी तयार होते. वारा हिम एका बाजूने उचलून कड्यापलीकडच्या आडोशाच्या उतारावर टाकतो. त्यामुळे हिमवृष्टी थांबल्यावरही तासाभरात धोका वाढू शकतो. सुट्या हिमाचा लोट एका बिंदूपासून सुटून पंख्यासारखा पसरत जातो व बहुधा लहान असतो. लादीचा हिमलोट मात्र उताराच्या रुंदीभर आडवा भंग पावून एकदम निघतो, आणि स्कीपटू त्या वेळी बहुधा त्या लादीच्या मध्यावर असतो. असे लोट मुख्यत्वे ३०° ते ४५° कलाच्या उतारांवर सुटतात. दुर्दैवाने स्कीला सर्वांत आनंददायक उतारही तेच. आरंभी हा भंग म्हणजे वरचा थर खालच्यावरून घसरणे असे मानीत. पुढे, विशेषतः २००८ मधील एका संशोधनानंतर, दुर्बल थर प्रथम चिरडून खाली बसतो व ती चीर सपाट जागेतूनही पसरते, असे दिसून आले. उताराच्या पायथ्याशी सपाटीवरून चालणाऱ्याने 'धप्प' असा दबका आवाज ऐकावा आणि वरचा उतार सुटावा, ह्या जुन्या अनुभवाचा उलगडा त्यामुळे झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्विस सैन्याने हिमलोटविषयक सूचनांची व्यवस्था चालविली. दाव्होसची संस्था १९४२ मध्ये रीतसर स्थापन झाली व १९४५ पासून ती जनतेसाठी हिमलोट-वार्तापत्र काढू लागली. ह्या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्सवर अभूतपूर्व हिमवृष्टी होऊन स्वित्झर्लंडमध्ये ९८ व ऑस्ट्रियात १३५ माणसे हिमलोटांनी दगावली. ११ जानेवारी १९५४ रोजी ऑस्ट्रियातील ब्लोन्स गावावर एकाच दिवशी दोन हिमलोट आले. पहिल्याखालून लोकांना उपसून काढणारेच दुसऱ्याखाली गाडले गेले. त्यानंतर गावांसाठी धोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे, उतारांवरील पोलादी आडोसे व नवी वनलागवड ह्यांवर मोठा खर्च झाला. तो वाया गेला नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच हिवाळा आला तेव्हा ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर येथे सुरक्षित मानलेल्या भागात लोट शिरून ३१ माणसे मेली खरी, पण एकूण हानी १९५१ च्या मानाने पुष्कळच कमी होती.

स्कीपटूंच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. अमेरिकेत यूटा राज्यातील आल्टा येथे १९४५ पासून माँगमरी ॲटवॉटर ह्यांनी वेगळी वाट चोखाळली : हिमलोटाची वाट पाहण्यापेक्षा, उतार लोकांना खुला करण्यापूर्वी स्फोटके लावून किंवा तोफ डागून तो मुद्दाम पाडावा. त्यांचे सहकारी एडवर्ड लाशापेल दाव्होसला काम करून आलेले होते. त्यांच्यामुळे युरोपातील भौतिकी व अमेरिकेतील प्रत्यक्ष अनुभव ह्यांची सांगड पडली. क्रीडाउतार ह्यामुळे बरेच सुरक्षित झाले. परंतु मोकळ्या पर्वतात तोफ नसते. तेथे स्कीपटूकडे फावडे, एक चाचणी व स्वतःची बुद्धी एवढेच असते. हिमात खड्डा खणून थर तपासणे, हिमाचा ठोकळा सर्व बाजूंनी मोकळा करून त्यावर स्कीसह चढून पाहणे, ह्या चाचण्या उपयुक्त आहेत. १९८७ मध्ये स्विस संशोधकांनी ठोकळ्याच्या चाचणीचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. तथापि खड्डा त्या जागेपुरतेच सांगतो. वीस पावलांवर थर पातळ असेल, खडक वर आलेला असेल, तर निकाल निराळा येतो.

गाडल्या गेलेल्याला शोधण्याची साधने ह्या काळात झपाट्याने सुधारली. जुन्या काळी कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडीत; तिचे टोक वर राहील ही आशा. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन ह्यांनी अंगावर बाळगण्याचा लहान संकेतप्रेषक तयार केला. तोच ग्राहक म्हणूनही चाले. पुढे ४५७ किलोहर्ट्‌झ ही समान कंप्रता सर्वत्र ठरली. १९८५ च्या सुमारास हवेच्या पिशव्या फुगविणारी पाठपिशवी आली. अशा घाईची आवश्यकता किती, हे १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधील नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने स्पष्ट केले. पूर्ण गाडलेल्यांपैकी पंधरा मिनिटांच्या आत काढलेले सु. ९२ टक्के जगले. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण सु. ३० टक्क्यांवर येते. मधल्या वीस मिनिटांत बहुतेक जण गुदमरून मरतात. दरीतून निघालेले बचावपथक एवढ्यात पोहोचत नाही. वाचविणारा असतो तो बरोबरचा सोबती.

१९९३ मध्ये युरोपीय देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची समान श्रेणी स्वीकारली. तिच्यातील तिसरी, 'लक्षणीय' ही पायरी विशेष विचार करण्याजोगी आहे. पाचांतील मधली म्हणून लोक ती साधारण समजतात. वस्तुतः प्रत्येक पायरीगणिक धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि स्कीपटूंच्या मृत्यूंपैकी मोठा वाटा ह्या पायरीच्या दिवसांतच घडतो. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात. स्विस पर्वत-मार्गदर्शक व्हेर्नर मुंटर ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात ह्या अडचणीवर एक धीट उपाय सुचविला. हिमाच्या खड्ड्यात उत्तर शोधण्यापेक्षा जाहीर झालेली धोक्याची पायरी, उताराचा कल व त्याची दिशा, तुकडीची वागणूक ह्यांवरून जोखीम मोजावी व ती ठरावीक मर्यादेबाहेर जात असेल तर मागे फिरावे. अनेक शास्त्रज्ञांना हे गणित ढोबळ वाटले, आणि ते ढोबळ आहेही. पण थकलेल्या माणसाला डोंगरावर वापरता येईल असे ते पहिलेच साधन होते. अमेरिकेतील इयन मॅकॅमन ह्यांनी सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासून असे दाखविले की, प्रशिक्षण घेतलेले लोकही ओळखीच्या उतारावर, आधी कोणी गेल्याच्या खुणा दिसल्यावर, किंवा ठरविलेले शिखर जवळ आल्यावर धोक्याची उघड चिन्हे बाजूस सारतात. कॅनडातील रॉजर्स खिंडीजवळ १ फेब्रुवारी २००३ रोजी शाळेच्या सहलीतील सात विद्यार्थी हिमलोटात मरण पावले. त्याआधी बाराच दिवस त्याच पर्वतभागात सात प्रौढ स्कीपटूंचा असाच अंत झाला होता. ह्यानंतर तेथे राष्ट्रीय हिमलोट-केंद्र उभारण्यात आले. प्रत्येक देशात संस्था अशाच स्थापन झाल्या आहेत : आधी मृत्यू, मग आयोग, मग वार्तापत्र.

हिमालय : हिमालयातील हिमलोटांशी पाश्चात्त्य अभ्यासकांचा परिचय गिर्यारोहणामुळे झाला. पुढे दाव्होसच्या संस्थेत नावाजलेले आंद्रे रॉक हे १९३९ मध्ये गढवालात आले होते; दुनागिरीवरील यशानंतर चौखंबावर हिमलोटाने त्यांच्या तुकडीतील दोन हमालांचा बळी घेतला. भारतात ह्या विषयाकडे प्रामुख्याने सैन्याच्या गरजेतून लक्ष गेले. १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमलोट अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन करण्यात आली. १९७९ च्या मार्चमध्ये लाहौल खोऱ्यात हिमलोटांनी दोनशेहून अधिक माणसे मेली. भारतीय अभ्यासकांनी पश्चिम हिमालयाचे हिमदृष्ट्या तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजालसारख्या दक्षिणेकडील रांगांत पश्चिमी विक्षोभांमुळे थोड्या दिवसांत भरपूर हिम पडते आणि हिमलोट प्रायः त्या वादळांबरोबरच येतात. उत्तरेस काराकोरमकडे हिम कमी, थंडी तीव्र व तळाशी चषकाकृती स्फटिकांचा थर हिवाळाभर टिकून राहतो. मधला पट्टा दोहोंच्या दरम्यानचा. आल्प्ससाठी केलेले आडाखे म्हणूनच येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

स्कीभ्रमणाचे भारतातील मुख्य क्षेत्र काश्मीरमधील गुलमर्ग होय. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये तेथे भारतीय स्की क्लब काढला. सैन्याची उच्च पर्वतीय युद्धशाळाही तेथेच असून ८ फेब्रुवारी २०१० रोजी तिच्या प्रशिक्षणार्थींवर हिमलोट कोसळून १७ जवान मृत्युमुखी पडले. अफरवट पर्वताच्या खांद्यावर सु. ३,९५० मी. पर्यंत नेणाऱ्या रज्जुमार्गाचा वरचा टप्पा २००५ मध्ये सुरू झाल्यापासून परिस्थिती पालटली. पूर्वी ज्या उतारापर्यंत पोहोचायला दिवसभर चढावे लागे, व चढताना हिमाची अवस्था आपोआप पायांना कळे, तेथे आता काही मिनिटांत पोहोचता येते. स्थानकाच्या दाराबाहेरचा बहुतेक सारा उतार मोकळा पर्वत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश व फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू तेथे हिमलोटात मरण पावले. रज्जुमार्गालगतच्या उतारांवर गस्त व स्फोटकांनी हिमलोट पाडण्याची व्यवस्था आहे. त्या सीमेपलीकडे स्थानिक मार्गदर्शकांचे ज्ञान हाच मुख्य आधार असतो. त्यांच्यापैकी अनेक जण त्याच उतारांखालच्या गावांत वाढलेले आहेत.